सातच्या भोंग्याची पत्रिका

ज्योतिष मी भक्तीनं शिकले नाही, रागानं शिकले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणी सात्त्विक बाई होते असा गैरसमज नको. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा सासरे गेले. दम्यानं ते चार वर्षं अंथरुणाला खिळलेले होते, हे नागपुरातल्या आमच्या साऱ्या महाल वस्तीला ठाऊक होतं. तरी तेराव्याला जेवण झाल्यावर हात धुता धुता आमच्या घरच्या शास्त्रीबुवांनी सासूबाईंना सांगितलं की सून मूळ नक्षत्रावरची आहे, सासऱ्यांना हे भोवणारच होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याची कळशी घेऊन उभी होते. पत्रिका जुळवल्या कुणी? याच गृहस्थांनी. छत्तीसपैकी सव्वीस गुण जमले म्हणून तेव्हा पेढा खाल्ला कुणी? यांनीच. तेव्हा मूळ नक्षत्र कुठे गेलं होतं? पण नव्या सुनेनं असं विचारायचं नसतं. मी कळशी ठेवली आणि त्याच दिवशी ठरवलं, याच्या भाषेतच याला उत्तर द्यायचं.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. आमच्या शाळेतले संस्कृतचे गुरुजी पत्रिका पाहायचे. मी शिकवा म्हटलं तर आधी हसले, मग मधल्या सुट्टीत शिकवू लागले. त्यांच्याकडे एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक होतं, दुसऱ्या महायुद्धाच्याही आधी छापलेलं. जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात किती पुढे आला होता ते काढायचं, त्यावरून कोणत्या ग्रहाची दशा किती उरली ते काढायचं, आणि तिथून सगळ्या आयुष्याचे हप्ते पाडत जायचे. महादशा, तिच्या पोटात अंतर्दशा. मग आजचे ग्रह आकाशात कुठे आहेत ते गोचर त्यावर लावून पाहायचं. दशा म्हणजे जमिनीचा पोत आणि गोचर म्हणजे त्या वर्षीचं पाणी, असं गुरुजी म्हणायचे. मला खोट काढायची होती, पण त्या आकडेमोडीत मी रमले हे कबूल करायला हवं. शास्त्रीबुवा तोंडानं जे ठोकून देत ते मी वहीत मांडू लागले, आणि सासूबाई माझ्याकडे जरा दबकून पाहू लागल्या. मलाही ते आवडत होतं.

सत्तर साली उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या ह्यांच्या डाव्या कुशीत कळा सुरू झाल्या. सत्तावीस वर्षांचा धडधाकट माणूस, कळ आली की भिंतीला डोकं टेकवून उभा राहायचा. दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी मला समोर बसवून सरळ सांगितलं की खडा नळीच्या तोंडाशी अडकला आहे, मूत्रपिंड सुजलं आहे, महिन्याभरात ऑपरेशन केलं नाही तर ते मूत्रपिंड जाईल आणि कदाचित त्यावर निभावणारही नाही. घरी येऊन हे सासूबाईंना सांगितलं, तर त्या पदर खोचून शास्त्रीबुवांकडे निघाल्या. परत आल्या त्या निकाल घेऊनच. मंगळाच्या महादशेत शनीची अंतर्दशा सुरू आहे, अजून सात महिने उरलेत, यात शस्त्र लागलं तर माणूस हाती लागत नाही, दिवाळी होऊ द्या. म्हणजे डॉक्टर म्हणतात महिना आणि शास्त्रीबुवा म्हणतात सात महिने! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासऱ्यांचं मरण माझ्या माथी मारून आता नवऱ्यालाही त्याच वाटेला लावणाऱ्या या माणसाचं गणित आज मी उघडं पाडणार, असं म्हणून मी वही काढली.

आणि इथे माझी फजिती झाली. मी तीनदा गणित केलं. तीनही वेळा मंगळात शनीच आला, संपायला सात महिने आणि काही दिवस. गुरुजींना दाखवलं, त्यांनीही तेच काढलं आणि चष्मा काढून पुसत बसले. ज्या माणसाला खोटं पाडायला मी दीड वर्ष मधल्या सुट्टीत डबा न खाता बसले, तो बरोबर निघाला होता. खरं सांगायचं तर मी घाबरले. डॉक्टर एक सांगतो तेव्हा माणूस त्याच्याशी वाद घालू शकतो, पण स्वतःच्या हातानं केलेल्या गणिताशी कसा वाद घालायचा? हे म्हणाले, तू म्हणशील तसं. त्यांचा स्वभावच तसा, आई आणि बायको यांच्यात कधी पडायचं नाही. आणि मी, गणित शिकवणारी, दवाखान्यातल्या एक्स-रेवर स्वतःच्या डोळ्यांनी तो खडा पाहिलेली, म्हणाले, थांबू या.

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. ह्यांना ताप येऊ लागला. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा बोलावलं तर मी दिवाळीनंतरचं बोलले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. सासूबाईंनी दर शनिवारी मारुतीला तेल आणि रुईच्या पानांची माळ घालायची आज्ञा केली. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक मारुती आहे. मी तेल घालायची आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडायची. तू म्हणे शनीला डोक्यावरून खाली उतरवलंस, मग आता का गप्प बसलास? माझ्या नवऱ्यानं कुणाचं काय वाईट केलं? आणि मी नुसतं शिकलेच ना, त्याची ही शिक्षा? हात जोडलेले आणि दात आवळलेले, अशी माझी ती प्रार्थना होती. दुसरी कुठली मला येत नव्हती.

चौथ्या शनिवारी शाळा सकाळची होती. मी परस्पर देवळात गेले आणि तेल घालून ओट्यावरच वही उघडून बसले. कुठे तरी एक आकडा चुकला असेल या आशेनं पुन्हा वजाबाक्या करत होते. शेजारी एक म्हातारा बसला होता. धोतर, अंगात बंडी, कानात कापसाचे बोळे. काय पाहून राहिली वं पोरी, असं त्यानं विचारलं. मी तुटकपणे म्हटलं, पत्रिका. त्याला ऐकू येईना. मोठ्यानं म्हटलं, तर कुणाची म्हणून विचारलं. त्याचे कान गेलेले, त्यामुळे माझ्या नवऱ्याचं दुखणं, ऑपरेशन, शनी, सगळं मला ओरडून सांगावं लागलं आणि देवळातल्या साऱ्या बाया माळा हातात धरून ऐकत राहिल्या. मला इतका संताप आला होता की उठून जावंसं वाटत होतं. मग त्यानं जन्माची वेळ विचारली. आमच्या सासूबाईंचं एक वाक्य घरात पाठ होतं, पौषात, गिरणीचा सातचा भोंगा झाला अन् माह्या पोरानं ट्यां केलं. शास्त्रीबुवांनी त्यावरूनच सात ही वेळ धरून पत्रिका मांडली होती. मी ओरडून सांगितलं, सातच्या भोंग्याला, त्रेचाळीस सालच्या पौषात.

म्हाताऱ्यानं बोटांवर सालं मोजली. मग म्हणाला, "तो भोंगा मीच देत होतो पोरी. त्या सालात लढाई चालू होती. सरकारनं साऱ्या घड्या एक घंटा पुढं सरकवल्या होत्या. मी सातचा भोंगा देऊन राहिलो, अन् बाहीर पाहा तं सहाचा अंधार. लोकं मले शिव्या देत, का हा काहून उठवून राहिला म्हणून. त्याच भोंग्यानं माहे कान गेले."

मी वही मिटली आणि त्याला धड नमस्कारही न करता घराकडे धावत सुटले. सासूबाई ज्वारी निवडत होत्या. मी विचारलं, हे झाले तेव्हा उजेड होता की अंधार? त्या म्हणाल्या, "अंधार होता. सुईणीनं कंदील धरला होता. काहून वं?" सत्तावीस वर्षं त्या भोंग्याची गोष्ट या घरात सांगितली जात होती आणि कंदिलाची कुणी विचारली नव्हती. पौषात सात वाजता नागपुरात चांगलं उजाडलेलं असतं. खरी वेळ सहाची होती. मी जमिनीवर बसले आणि गणित पुन्हा केलं. ह्यांच्या जन्माला शुक्राची वीस वर्षांची महादशा होती, त्यामुळे तासाभरात चंद्र जेवढा सरकतो तेवढ्यानंच सगळ्या दशा दहा महिने पुढे गेल्या. शनीची अंतर्दशा अजून लागलीच नव्हती. ती लागणार होती तीन महिन्यांनी. म्हणजे ज्या महिन्यांत आम्ही हात बांधून बसलो होतो ते मोकळे होते, आणि दिवाळीनंतरचा जो काळ आम्ही जपून ठेवला होता, तो शनीच्या ऐन मध्यावर येत होता. शास्त्रीबुवांच्याच शास्त्राप्रमाणे आम्ही ह्यांना हाताला धरून खड्ड्यात नेत होतो.

वही घेऊन मी तशीच शास्त्रीबुवांकडे गेले. त्या वर्षी तुम्ही स्वतः आपलं घड्याळ पुढे केलं होतं ना, असं विचारलं. त्यांनी कागद पाहिला, सुपारी कातरली आणि शांतपणे म्हणाले की हो, युद्धाचा तास राहिलाच, मग आता लगेच करून घ्या. एवढंच. ना ओशाळले, ना चुकलं म्हणाले. माझ्या ओठांवर खूप शब्द आले होते. पण मी गुरुजींचाही कागद पाहिला होता आणि माझाही. तीन जणांत एकालाही तो तास आठवला नव्हता, आणि पुस्तक तर युद्धाच्या आधीचंच होतं. मी वही उचलून निघून आले. सोमवारी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की मूत्रपिंड वाचलं, पण पू धरायला लागला होता, अजून पंधरा दिवस गेले असते तर काही हाती राहिलं नसतं.

हे हिंडूफिरू लागल्यावर आम्ही त्या म्हाताऱ्याचा शोध घेतला. देवळातल्या पुजाऱ्यानं सांगितलं की तो गिरणीतून निवृत्त होऊन पारशिवनीला लेकीकडे राहतो, कानाच्या औषधाला कधीमधी शहरात येतो, आणि त्या शनिवारी त्याची एसटीची मोटार चुकली म्हणून ओट्यावर बसला होता. आम्ही पेढे घेऊन पारशिवनीला गेलो. लेकीनं कानाशी तोंड नेऊन आम्ही कोण ते त्याला सांगितलं. मी पाया पडले आणि म्हटलं, बाबा, मारुतीनंच तुम्हाला तिथे बसवलं. त्यानं ह्यांच्याकडे नीट पाहिलं, आनंदला, पेढा खाल्ला. मग मला विचारलं, "डॉक्टरनं तं आधीच सांगतलं होतं न, आताच करा म्हणून? मंग तू काहून थांबली वं?"

त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. मी उरलेले पेढे लेकीच्या हातात दिले आणि आम्ही निघालो. परतीच्या मोटारीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. इतके दिवस मी शास्त्रीबुवांवर चिडले, सासूबाईंवर चिडले, मारुतीवर तर रोज. मदत आलीच नाही म्हणून भांडत होते, आणि मदत पहिल्याच दिवशी एक्स-रे घेऊन माझ्यासमोर बसली होती. ती मी परत पाठवली. दुसऱ्यांदाही पाठवली. तेव्हा देवानं बिचाऱ्या बहिऱ्या म्हाताऱ्याची मोटार चुकवली आणि मला जे कळतं त्याच भाषेत, तासांच्या आणि महिन्यांच्या हिशेबात, तेच पुन्हा सांगायला लावलं. दुसरं काही मी ऐकून घेणार नव्हते हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असावं. कृपा म्हणतात ती एवढी चिवट असते हे मला तेव्हा कळलं.

खरी शनीची अंतर्दशा पुढे तीन महिन्यांनी लागली आणि तेरा महिने राहिली. त्या तेरा महिन्यांत मी वही उघडली नाही. रोज सकाळी मारुतीपुढे उभी राहायचे आणि एवढंच म्हणायचे, मला येतं तेवढं मी केलं, आता तू बघ. हे म्हणायला सोपं नाही. माझ्यासारख्या बाईला तर मुळीच नाही, पोटातून हिशेब वर येत राहतात. त्याच काळात आमची मुलगी झाली. बारशाच्या आधी शास्त्रीबुवांचा निरोप आला की अचूक वेळ कळवा, या खेपेला काटेकोर मांडतो. सासूबाईंनी निरोप आणणाऱ्या बाईला दारातच उभं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी बाळाला पाजत होते. मी काही बोलायच्या आत त्याच तिला म्हणाल्या, "वेळ कोणी पाहिलीच नाही. आम्ही पोरीले पाहून राहिलो होतो."