निरंक न लिहिणाऱ्या मॅडम

'नाही' या साध्यासुध्या शब्दाला आमच्या मॅडमनी जितका त्रास दिला तितका साऱ्या मावळ तालुक्यात दुसऱ्या कुणी दिला नसेल. तुम्ही-आम्ही 'नाही' ऐकलं की पुढं जातो. मॅडम तिथंच उभ्या राहायच्या. भाजीवाल्याला विचारायच्या, "भेंडी आहे का?" तो म्हणायचा, "न्हाई." की यांचं सुरू, "नाही म्हणजे संपली, की आणलीच नाही, की आहे पण तुम्ही बघितलं नाही?" भाजीवाला बिचारा वैतागून गोणी उलटी करून दाखवायचा. एकदा खरोखरच तळाशी मूठभर भेंडी निघाली, आणि त्या दिवसापासून सोमाटणे फाट्यावर मॅडमचा जो धाक बसला, तो त्या इथून जाईपर्यंत टिकला.

फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मॅडम वराळ्यात एका नव्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहायच्या. मूळच्या नगरकडच्या, संख्याशास्त्र शिकलेल्या, चाळिशीच्या, एकट्या. मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या एका सरकारी कार्यालयात त्या कंत्राटावर होत्या. नोकरीच्या, लग्नाच्या नाहीतर आणखी कसल्या आमिषानं लहान वयाच्या मुलींना कुठून कुठून आणतात आणि धंद्याला लावतात; अशा किती मुली आढळल्या, किती सुटल्या, किती बेपत्ता आहेत, ही माहिती दर महिन्याला पोलीस ठाणी, दवाखाने, लॉज, संस्था यांच्याकडून गोळा करून वर पाठवायची, हे त्यांचं काम. माहिती पोर्टलवर भरायची, आणि पोर्टलचा भरवसा नाही म्हणून सही-शिक्क्यानिशी कागदावरही द्यायची. त्या कागदांपायी त्या माझ्या दुकानी यायच्या. बहुतेक ठिकाणांहून एकच शब्द लिहून यायचा, निरंक. म्हणजे काही नाही. तो शब्द दिसला की मॅडम चष्मा काढून पुसायच्या, जणू चूक काचेची असावी.

"भाई, निरंक म्हणजे काय?" त्या मला विचारायच्या. "बघितलं आणि नव्हतं, की बघितलंच नाही? दोन्हीला एकच शब्द कसा चालतो यांना?"

मी आपला मशीनमध्ये कागद भरत "खरंय मॅडम" म्हणायचो. मग त्या तिथूनच फोन लावायच्या, आणि पलीकडचा माणूस "नाही हो मॅडम, आपल्याकडं असलं काही नसतं" म्हणायच्या आत त्याला याच प्रश्नात गाठायच्या. त्यांचा नंबर दिसला की फोन न उचलणाऱ्यांत माझ्या ओळखीचेच चारपाच जण होते.

गुप्ततेच्या बाबतीत तर त्या इतक्या कडक की विचारू नका. मुलीचं नाव असलेला कागद असला तर मला म्हणायच्या, "भाई, तुम्ही मशीनकडं पाठ करा." मशीन माझं, वीजबिल माझं, आणि मी भिंतीकडं तोंड करून उभा. त्यांना कुठलं बटण दाबायचं ते कळायचं नाही, मी पाठमोराच सांगायचो, "हिरवं, मॅडम. त्याच्या शेजारचं न्हाई, हिरवं." दुकानात आलेली गिऱ्हाइकं हा प्रकार बघून गपचूप निघून जायची. एकाने माझ्या बायकोला जाऊन विचारलं, भाईंची तब्येत बरी आहे ना.

लग्नाला त्यांना बोलावणं म्हणजे धाडस होतं. अक्षता टाकायच्या आधी नवरीची जन्मतारीख विचारायच्या, आणि नुसतं "अठरा पुरी झालीत" म्हटलेलं चालायचं नाही. परंदवडीचे एक आबा मुलीच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "पोरीच्या शाळंच्या दाखल्याची एक झेराक्स काढ. मॅडमच्या पत्रिकेला लावून देतो. भर मांडवात कटकट नको." मॅडमनी दाखला वाचला, समाधानानं घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि लग्नात पोटभर जेवल्या. आबांना वाटलं आपण थट्टा केली. मॅडमना मात्र ते अगदी योग्य वाटलं. त्या म्हणाल्या, सगळ्यांनीच असं केलं तर किती काम वाचेल.

पण त्यांचा खरा हट्ट म्हणजे स्वतः जाऊन बघण्याचा. कार्यालयातल्या साहेबांनी त्यांना वारंवार बजावलं होतं, "मॅडम, तुमचं काम माहिती घेणं. जाऊन बघायला पोलीस आहेत." मॅडम मान हलवायच्या आणि शनिवारी स्कूटर काढायच्या. डोक्यावरचं हेल्मेट त्या उतरवायच्याच नाहीत. एकदा लोणावळ्याच्या एका हॉटेलात रजिस्टर बघायला म्हणून अशाच शिरल्या, तर मॅनेजरनं त्यांना जेवण पोचवणारी बाई समजून थेट वरच्या खोलीकडं पाठवलं. मॅडम मजलाभर हिंडून आल्या आणि बाहेर पडताना म्हणाल्या, "ऑर्डर चुकली." हे त्यांनी मला इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं की हसावं की नाही तेच मला कळेना. पुढं मी ते कितीतरी जणांना रंगवून सांगितलं. आता सांगत नाही.

कारण मग त्या बंगल्यातल्या मुलीचं प्रकरण घडलं.

परंदवडीची एक मावशी लोणावळ्याच्या बंगल्यांवर साफसफाईला जायची. कंत्राटदाराचा टेम्पो माझ्या दुकानासमोर थांबतो, त्यामुळं सकाळी ती माझ्या पायरीवर बसलेली असायची. मॅडमशी तिची चांगली ओळख झाली होती. एका सकाळी मॅडम कागद घेऊन आल्या आणि मावशी पायरीवरून उठून त्यांच्याजवळ गेली.

"मॅडम, एक सांगू का. दोन-तीनदा मनात आलं, पन म्हनलं आपलं काम जायाचं."

"सांगा ना."

"एका बंगल्यात पोरगी हाय. राखनदार म्हनतो त्याच्या बायकोची भाची. पन भाचीला कुनी नावानं हाक मारत न्हाई. शनिवार-रविवारी पावनं आलं की तिला नवी कापडं घालत्यात, आनि आमाला लवकर घरी लावत्यात."

मॅडमनी आणखी काही विचारलं नाही. एरवी भेंडीवरून चार प्रश्न विचारणारी ही बाई त्या दिवशी गप्प झाली. फक्त बंगला कुठं ते नीट समजून घेतलं आणि निघाल्या. तो शनिवार होता.

पुढचं मला त्यांनीच नंतर सांगितलं. बंगल्याचं फाटक उघडं होतं. डोक्याला हेल्मेट, हातात पिशवी, त्यामुळं कुणी अडवलं नाही. मागच्या बाजूला धुण्याच्या दगडापाशी ती मुलगी भांडी विसळत होती. मॅडमनी वय विचारलं, तर तिनं आधी घराकडं बघितलं. गाव विचारलं, तर म्हणाली, "लांब आहे." तेवढ्यात राखणदार आला. मॅडम म्हणाल्या, पत्ता चुकला. मॅडम रस्त्याला लागेपर्यंत तो फाटकात उभा राहिला.

बाहेर पडल्यावर लगेच त्यांनी पोलिसांना फोन केला. तिथून उत्तर आलं, तो बंगला आमच्या हद्दीत येत नाही, पलीकडच्या ठाण्याला सांगा. पलीकडच्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, तक्रार कुणाची ते विचारलं. मॅडम रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून सगळं सांगत राहिल्या. महिला पोलीस मिळाल्यावर, ठाण्यातल्या साहेबांची परवानगी आल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गेली. बंगल्याला कुलूप होतं. शेजारच्या बंगल्यातला माळी म्हणाला, "हितं कोन न्हाई. कालच गेली सगळी."

सोमवारी मॅडम दुकानात आल्या आणि बाकावर बसल्या. मी चहा मागवला, तो तसाच गार झाला.

"भाई, साहेब बरोबर सांगत होते," त्या म्हणाल्या. "मी आधी फोन करायला हवा होता. मी गेले म्हणून त्यांनी तिला हलवलं."

"मॅडम, तुमी गेला नसता तरी—"

"मला बघायची सवय लागली होती," त्या म्हणाल्या. "ते काम नव्हतं, सवय होती."

महिना संपला आणि अहवाल द्यायची वेळ आली. साहेब काही वाईट माणूस नव्हते. मॅडमच्या फोनवर त्यांचा आवाज मी ऐकला आहे, दमलेला माणूस. ते म्हणत होते, "मॅडम, नाव नाही, वय नाही, मुलगी नाही. मी वर काय पाठवू?"

"एक मुलगी होती आणि ती आपल्याला मिळाली नाही, हे पाठवा, सर."

"त्याला रकाना नाही."

"मग शेऱ्यात लिहिते."

त्यांनी शेऱ्यात लिहिलं. मुलगी दिसायला कशी, अंदाजे वय किती, बोली कुठली वाटली, कुणाबरोबर होती, कधीपासून दिसत नाही. अहवाल दुरुस्तीसाठी परत आला. त्यांनी तोच पुन्हा पाठवला. पुढच्या महिन्यात तोच शेरा, त्याच्या पुढच्याही महिन्यात. माझ्याकडं प्रिंट काढायला आल्या की आता पाठ करायलाही सांगायच्या नाहीत. नावच नव्हतं, तर लपवायचं काय. कंत्राट वाढवण्याची वेळ आली तेव्हा ते वाढलं नाही. शेऱ्यामुळं, की दुसऱ्याच कशामुळं, ते कुणी सांगितलं नाही, आणि नवल म्हणजे मॅडमनीही ते विचारलं नाही.

सामान बांधायला घेतलं होतं तेव्हा त्यांना फोन आला. दुसऱ्या जिल्ह्यात एका धाडीत काही मुली सुटल्या होत्या. तिथं मॅडमसारखंच काम बघणाऱ्या बाईंनी वरच्या कार्यालयातून त्यांच्याकडं आलेले मॅडमचे जुने शेरे वाचले होते, आणि एका मुलीचं वर्णन जुळत होतं. ती लोणावळ्याचं नाव घेत होती. मॅडम त्याच दिवशी एसटीनं गेल्या. तीच होती. बालगृहाच्या ओसरीवर दोघी बसल्या. मॅडमनी तिच्यासाठी चिक्की नेली होती, तिनं ती घेऊन शेजारी ठेवली.  मग म्हणाली, "तुम्ही गेल्यावर लगेच गाडी आली."

रागानं नाही म्हणाली, असं मॅडम सांगत होत्या. नुसतं सांगितलं, जसं झालं तसं.

मी म्हटलं, "मॅडम, पण ती सापडली. तुमी लिहिलं म्हणून सापडली."

"हो," त्या म्हणाल्या. "पण मधले महिने तिचे गेले, भाई. माझे नाही."

 निघण्याच्या आदल्या दिवशी त्या आमच्या घरी जेवायला आल्या. बायकोनं मुद्दाम शिरखुर्मा केला होता. दोन वाट्या खाल्ल्या, तिच्याकडून कृती नीट विचारून घेतली, आणि गेल्या.

आता त्या नगरला एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात. मुलगी तिच्या मामाकडं राहते आणि शाळेत जाऊ लागली आहे, एवढं त्यांना कळलं आहे. राखणदारावर खटला चालू आहे. बंगल्याचा मालक चौकशीला एकदा आला आणि नंतर त्यानं बंगला विकून टाकला. मावशीनं ती कामं सोडली. हल्ली वराळ्याला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जाते, पण अजून माझ्याच पायरीवर बसून गाडीची वाट बघते.

परवा मला म्हणाली, "भाई, मॅडम माझ्यावर रागावल्या असत्याल का? म्याच उशिरा सांगितलं. दोन-तीनदा गप बसले. पयल्यांदाच बोलले असते तर येळ मिळाला असता त्यांना."

मी सरळ मॅडमना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. मला वाटलं, आता दोघी त्या मुलीचं बोलतील, एकमेकींना काहीतरी सांगतील. मावशीनं मॅडमना विचारलं, तितं पानी रोज येतं का. पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण मग ती आपल्या गुडघ्याचं सांगू लागली, कुठला डॉक्टर, कसलं तेल, जिना चढताना कसं होतं. बराच वेळ दोघी गुडघ्यावरच बोलत राहिल्या. मग मावशीनं फोन मला परत दिला, पदरानं डोळे पुसले आणि कंपनीची गाडी आली तशी उठून गेली.