राखणदाराभोवती सहाशे एकोणीस फेऱ्या

अकरा ऑक्टोबर, शनिवार, सकाळी पावणेदहा. रक्कम पाच लाख ऐंशी हजार, पूर्ण भरलेली. जागा नागावची आमची, म्हणजे खरं तर माझ्या सासरची, नारळाची वाडी. हजर चौघे: माझी पत्नी, मी, वाडीवरचा तीस वर्षांपासूनचा जुना गडी आणि गाडी पोहोचवायला पनवेलहून आलेला विक्रेत्याचा माणूस. पैसे पत्नीचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिला फंडाचे जे मिळाले त्यातले.

गाडी म्हणजे रस्त्यावरची गाडी नव्हे. दोन माणसांनी शेजारी शेजारी बसायचं, मागे सामानाला छोटा हौदा, जाडजूड चाकं, दारं नाहीत. आम्ही तिला बग्गी म्हणू लागलो. तिची गरज अशी की वाडीच्या टोकाला, फाटकापासून दोनशे चाळीस मीटरवर, पत्नीने पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत आणि तिथपर्यंत रिक्षा जात नाही. मागच्या मे महिन्यात एक कुटुंब पाच बॅगा ओढत निम्म्यापर्यंत आलं, तिथे थांबलं आणि परत गेलं. मी साडेसहा हजारांची हातगाडी सुचवली होती. त्यावर पत्नी म्हणाली, "ओढणार कोण, तुम्ही?" आणि विषय संपला. आता पाडव्याला, बावीस तारखेला, दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या. बग्गी मिळेल असं तिने सांगून ठेवलं होतं.

विक्रेत्याच्या माणसाने तीन गोष्टी सांगितल्या. पहिले चाळीस किलोमीटर हळू चालवा आणि रोज तपासणी करा. त्या चाळीस किलोमीटरच्या आत दोष निघाला तर गाडी परत घेऊ, सगळे पैसे परत देऊ. चाळीसच्या पुढे फक्त दुरुस्ती. आणि रेतीत चालवताना मागचं लॉक लावा.

हे लॉक समजून घेतलं पाहिजे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात; तसाच एक पुढच्या चाकांमध्येही असतो. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. तो फरक हा गोळा सांभाळून घेतो. लॉक लावलं की दोन्ही चाकं सारखीच फिरतात, म्हणजे एक रेतीत रुतलं तरी दुसरं गाडी बाहेर काढतं. आमच्या वाडीची जमीन रेतीची आहे. मी लॉक लावलं.

चाळीस किलोमीटर चालवायची कुठे, हा प्रश्न होता. रस्त्यावर नेता येत नाही, किनाऱ्यावर नेणं मला पटत नाही. खोल्यांकडे जाणाऱ्या वाटेवर चढउतार आहेत, मध्ये पाण्याचे दोन पाट आहेत. तिथे मोजमाप नीट होणार नाही असं माझं मत पडलं. फाटकाच्या आत उंडीचं एक मोठं झाड आहे, त्याखाली वाडीचा राखणदार, म्हणजे शेंदूर लावलेला दगड, आणि भोवती मोकळी जागा. मी टेप लावून झाडाभोवती वर्तुळ आखलं. परीघ बासष्ट मीटर भरला. चाळीस किलोमीटरला सहाशे पंचेचाळीस फेऱ्या. गाडीचा मीटर खरा की खोटा हेही त्यात कळणार होतं.

मी डावीकडून सुरुवात करणार तोच गडी समोर येऊन उभा राहिला.

"जावयबापू, उलटं न्हाय फिरायचं. राखणदार हाय तो."

"मी देवाला फिरत नाही, गाडी तपासतोय."

"त्याला काय ठावं? त्याला दिसतंय ते की तुम्ही फिरताय."

सगळ्या फेऱ्या उजव्या हाताने घालायच्या असं ठरलं. गडी पायरीवर बसला आणि प्रत्येक फेरीला एक सुपारी टोपलीत टाकू लागला. मी वहीत रेघा मारत होतोच, पण दुसरी मोजणी असलेली बरी.

ताशी नऊ किलोमीटर या वेगाने एक फेरी पंचवीस सेकंदांत होते. पंचवीस फेऱ्या झाल्या की मी उतरून पुढचा आणि मागचा गोळा किती तापला ते बघायचो. पहिल्या दिवशी साथीच्या काळात घेतलेली, कपाळावर धरायची तापाची बंदूक वापरली. ती बेचाळीसच्या पुढे नुसती शिट्टी वाजवते. गडी म्हणाला, थुंकी टाकून बघा, चुर्र झाली की तापली. दुसऱ्या दिवशी मागवलेली खरी बंदूक आली आणि ही पद्धत वापरावी लागली नाही. पुढचा गोळा चाळीसच्या आसपास राहायचा. मागचा दिवसाच्या शेवटी साठ अंश.

विक्रेत्याच्या पत्रकात "हाताला चटका बसेल इतके तापू नये" एवढंच छापलं होतं. हा काही आकडा नव्हे. मी फोन केला. तो म्हणाला, ऐंशीपर्यंत चालतं.

तिसऱ्या दिवशी सहासष्ट. चौथ्या दिवशी त्र्याहत्तर.

त्याच दिवशी संध्याकाळी शेजारच्या वाडीतल्या वहिनी परडीत फुलं घेऊन आल्या. माझ्या फेऱ्या चालू होत्या म्हणून त्या पत्नीशी बोलल्या, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात.

"किती दिवसांचा नवस आहे भाऊजींचा?"

"नवस नाही हो. गाडी रुळवतायत."

"असू दे, सांगायचं नसतं. पण गाडीतून चालतं का?"

गडी टोपलीजवळून म्हणाला, "गुडघे दुखतात त्यांचे. देव समजून घेतो."

माझे गुडघे उत्तम आहेत. पण मी येईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. प्रत्येक वाक्याला मी पंचवीस सेकंद उशिरा पोहोचत होतो. शेवटी वहिनींनी विचारलं, मुलीच्या नोकरीच्या मुलाखतीसाठी अकरा फेऱ्या तिच्या नावे घालाल का? फेऱ्या तशाही घालायच्याच होत्या. मी होकार दिला आणि वहीत वेगळा रकाना केला, म्हणजे घोळ नको. दुसऱ्या दिवशी अजून दोघं आले. एकाला विहिरीचं पाणी गोड व्हायला हवं होतं. त्याला मी एकवीसच दिल्या.

पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, ही गाडी आहे की तेलाचा घाणा? मला कधी चालवायला मिळणार?"

"चाळीस झाल्यावर."

पाचव्या दिवशी एक्क्याऐंशी. सहाव्या दिवशी नव्वद. सातव्या दिवशी, शुक्रवारी, सत्त्याण्णव. रोज वेग तोच, वेळ तीच, फेऱ्या जवळपास तेवढ्याच, आणि ताप चढत चाललेला. माझ्या मते याचा एकच अर्थ होता: मागच्या गोळ्यात दोष आहे आणि तो वाढतो आहे. माझ्या वहीप्रमाणे सहाशे एकोणीस फेऱ्या झाल्या होत्या, म्हणजे अडतीस हजार तीनशे अठ्ठ्याहत्तर मीटर, आणि मीटर ३८.४ दाखवत होता. सुपाऱ्या सहाशे एकवीस भरल्या. दोन बहुतेक चुकून जास्त पडल्या असाव्यात. पैसे परत मिळण्याच्या हद्दीत आता एक पूर्णांक सहा दशांश किलोमीटर उरले होते.

रात्री जेवताना मी हे पत्नीला सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं.

"म्हणजे परत?"

"सत्त्याण्णव आहे. ऐंशीची मर्यादा आहे."

"पाडव्याला माणसं येतायत. त्यांना काय सांगू, ऐंशीची मर्यादा आहे?"

"पैसे तुझे आहेत म्हणूनच म्हणतो. पुढच्या आठवड्यात गोळा फुटला तर दुरुस्तीला महिना जाईल आणि मग कुणीच परत घेणार नाही."

ती म्हणाली, "मी एकदाही बसले नाही तिच्यात," आणि उठून गेली. त्या रात्री मी वही दोनदा तपासली. बेरजा बरोबर होत्या. सकाळी पनवेलला फोन केला. विक्रेता कुरकुरला, पण ट्रक पाठवतो म्हणाला. जाण्यायेण्याचं भाडं साडेतीन हजार, गाडी परत गेली तर त्याचं, दोष न निघता ट्रक रिकामा गेला तर आमचं.

ट्रक रविवारी सकाळी अकराला आला. ड्रायव्हर पन्नाशीचा, ट्रॅक्टर वाहून नेण्यात आयुष्य गेलेला. फाटकातून आत आला आणि उंडीपाशी थांबला. माझ्या फेऱ्यांनी तिथे चार बोटं खोल खाच पडली होती, गोल, तळ शेणाने सारवल्यासारखा गुळगुळीत.

"काका, इथे काय, सर्कस आली होती?"

मी सांगितलं. वही दाखवली. त्याने वही घेतली नाही. खाचेत उतरला आणि टाच आपटली. खणखण वाजलं.

"लॉक लावून फिरवली?"

"रेतीत लॉक लावा असं सांगितलं होतं."

"ही रेती आहे? ह्याच्यावर कॅरम खेळता येईल. पहिल्या दिवशी रेती असेल, तेव्हा चाक घसरून जात असेल. आता घसरणार कुठे? दोन चाकं एकमेकांशी भांडतायत नुसती. आणि सगळ्या फेऱ्या एकाच अंगाने?"

गडी पुढे झाला. "उलटं फिरत न्हाय तिथं."

"मग बरोबर आहे," ड्रायव्हर म्हणाला. "तापेल नाही तर काय गाणं म्हणेल?"

मी खाली बसलो आणि वहीच्या मागच्या पानावर मांडलं. दोन चाकांतलं अंतर एक मीटर वीस. एका फेरीला बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा साडेसात मीटर जास्त. सहाशे एकोणीस फेऱ्यांचे साडेचार किलोमीटरच्या वर. एवढा फरक मी लॉक लावून त्या बिचाऱ्या गोळ्याला सांभाळू दिला नव्हता. जमीन रोज थोडी घट्ट होत गेली, ताप रोज थोडा वाढत गेला. माझा तक्ता अगदी अचूक होता. फक्त तो गाडीचा नव्हता, माझा होता.

तरी हे सगळं अजून बोलणंच होतं. पत्नीने पदर खोचला, बग्गीत चढली आणि विचारलं, "लॉक कुठून काढायचं?" ड्रायव्हरने बटण दाखवलं. गड्याने हौद्यात गाद्या भरल्या, पाण्याचे जार पुढच्या खेपेसाठी काढून ठेवले. मी बंदूक घेऊन शेजारी बसलो.

तिने याआधी फक्त स्कूटर चालवली होती. पहिला पाट आला तेव्हा मी छताची दांडी धरली. खोल्यांपर्यंत जाऊन यायला चारशे ऐंशी मीटर. एक फेरी, गाद्या. दुसरी, जार. तिसरी, गॅसचा सिलिंडर आणि दिवाळीचे कंदील. चौथ्या वेळी निम्म्या वाटेवर मीटर ३९.९ झाला.

"थांब," मी म्हणालो.

उतरलो, मागे जाऊन बंदूक धरली. चव्वेचाळीस. वही उघडली. शुक्रवारी एवढंच अंतर झाल्यावर, पंचवीस फेऱ्यांना, अडुसष्ट होते.

"किती?"

"चव्वेचाळीस. पण आज गाडीत वजन जास्त आहे, वाट वेगळी आहे, एका मोजणीवरून खात्रीने सांगता येत नाही. अजून पाच किलोमीटर तरी चालवून बघायला हवं, पण शंभर मीटरनंतर परत देता येणार नाही."

"म्हणजे खात्री करायची तर चाळीस ओलांडायला हवेत, आणि चाळीस ओलांडले तर खात्री करून उपयोग नाही."

"बरोबर."

"बसताय की चालत येताय?"

मी बसलो. तिने पाय दाबला. ४०.० माझ्या डोळ्यांसमोर आला आणि गेला, आणि खोल्यांच्या अंगणात तिने गाडी अशी वळवली की हौद्यातली रिकामी बादली उडून केळीत पडली. त्या दुपारी तिने अजून बारा खेपा केल्या, त्यातल्या निदान सहांना नेण्यासारखं काही नव्हतं. शेवटची नोंद एक्कावन्न अंश.

ड्रायव्हर घावन आणि नारळाची चटणी खाऊन तीन वाजता रिकाम्या ट्रकने निघाला. भाडं रुपये तीन हजार पाचशे, रोख, त्याच्या हाती दिले. पत्नी पर्स उघडत होती, पण हे पैसे माझे गेले.