न लावलेला कौल

ताईला कोल्हापूरला घेऊनच यायचं, असं ठरवून मी निघाले होते. मे महिन्याचे शेवटचे दिवस. फोंडाघाट उतरून बाजारात आलो आणि एसटीचं चाक पंक्चर झालं. तासभर फणसांच्या ढिगाशेजारी उभी राहून मी घाम पुसत होते. कोकणाचं कौतुक करणाऱ्यांना एकदा मे महिन्यात इथे चाक बदलत बसवावं.

ताई माझी थोरली बहीण. तिचं सासर मालवणच्या पुढे, अगदी किनाऱ्यावर. भावोजींची मासेमारीची होडी, थोडे माड आणि चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं) घर. मागच्या वर्षी याच दिवसांत वादळ आलं, पडवीची भिंत कोसळली आणि भावोजींच्या आई, सगळ्यांची 'आये', तिच्याखाली सापडून गेल्या. तेव्हापासून ताई फोनवर नुसतं हूं हूं करते. म्हणून हा प्रवास.

कणकवलीला गाडी बदलली, मालवणात उतरून रिक्षा केली. वाटेत शेंडे मोडलेले माड नुसत्या खांबांसारखे उभे होते. रिक्षावाला म्हणाला, "बंदरात धोक्याचो बावटो लागलोहा, बाई. उद्या वादळ म्हणतत." म्हणजे मी नेमका मुहूर्त साधला होता.

"इलंस गो?" ताई दारातच होती. इतक्या वर्षांत ती बोलण्याने पुरती मालवणी झाली आहे. पेज आणि भाजलेला सुका बांगडा समोर आला. पडवीची नवी भिंत अजून गिलाव्याविना होती आणि तिच्याकडे पाठ करून बसायची भावोजींची सवय माझ्या लगेच लक्षात आली. ते जेवून उठले, "बरी आसस मगो?" एवढंच विचारून होडीकडे गेले.

भांडी घासता घासता ताईने मागच्या वर्षीचं सांगितलं. "पंचायतीची माणसां सांगान गेली, शाळेत चला. आये म्हणाली, देवाक विचारल्याशिवाय घर सोडूचा नाय. ह्ये देवळात गेले. देवान उजवी दिल्यान. रवलों."

उजवी म्हणजे काय ते कोल्हापूरकरांसाठी सांगते. इथे कुठलंही मोठं काम करण्याआधी ग्रामदेवाला कौल लावतात. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. 'घरात राहू का?' याला देव होय म्हणाला होता. आणि आये गेल्या.

ताईला मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर. दोघंही चला." ती पातेलं घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीची जीप भोंगा वाजवत फिरली. समुद्र तांबूस, गढूळ झाला होता आणि वारा मुळीच नव्हता. आम्ही कोल्हापूरचे लोक पुराला सरावलेले. पण पूर पायरी पायरीने चढतो, त्याची उंची बघता येते. इथे बघण्यासारखं काही नव्हतं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

वाडीतली माणसं देवळाकडे निघाली. भावोजीही निघाले, मीही मागोमाग गेले. पण देवळाच्या पायरीशी येऊन ते थांबले. शेजारचे आबा म्हणाले, "कित्याक थांबलंस? चल, विचारूया."

"माका विचारूचा नाय," भावोजी म्हणाले.

"खुळो काय रे तू?"

"देव 'रव' म्हणालो तर माझ्यान रवाचा नाय, आबा. आणि त्याचा नाय आयकलंय, तर मगे गेल्या वर्षी कित्याक आयकलंय?"

आबा चपला काढून पायरी चढले. ते आत गेले. भावोजी तिथूनच माघारी वळले आणि घरी येऊन ताईला म्हणाले, "कपडे भर. शाळेत जावया." पाठोपाठ देवळातून बातमी आली की देवाने उजवी दिली आहे. निम्मी वाडी घरातच राहिली.

टेकडीवरच्या शाळेकडे चढताना माझी चप्पल तुटली. वर्गात तीन-चार कुटुंबं होती. संध्याकाळी वारा सुटला, खिडक्या आपटल्या, पाऊस आडवा आत आला. ताई माझा हात धरून बसली. भावोजी फळ्याकडे तोंड करून बसले होते. मनात म्हटलं, एकदाचं येऊन जाऊ दे. पण ते आलंच नाही. उजाडेपर्यंत नुसती भुरभुर उरली. वादळ भर समुद्रातून वर निघून गेलं होतं.

आम्ही खाली उतरलो. घर जसंच्या तसं. गडबडीत ताई वाळत घातलेलं धुणं विसरली होती, तेसुद्धा दोरीवर होतं. शेजारी आबा आपल्या ओटीवर चहा पीत होते. "बघलंस? देवान खरा सांगल्यान. उगाच धावलंस!" त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, वाडी वाचल्याच्या आनंदात ते थट्टा करत होते.

 भावोजी पडवीत जाऊन त्या नव्या भिंतीसमोर उभे राहिले आणि मग खाली बसून लहान मुलासारखे रडू लागले. "छप्पर तरी उडाक व्हया होता," ते म्हणत होते. "ह्येंका देव खरा सांगता. मगे माझ्या आयेक कित्याक नाय?"

ताई त्यांच्याजवळ बसली.  मला देवाचा राग आला, आबांचा आला, त्या न आलेल्या वादळाचासुद्धा आला. कुणावर काढणार?

"माका आता येवक जमाचा नाय गो," ताई मला निरोप देताना म्हणाली. मी आग्रह केला नाही. तिने कोकमाच्या सोलांची पुडी दिली, मी पिशवीत टाकली.

परतीच्या एसटीत शेजारी वैभववाडीकडची एक बाई बसली होती. मी मालवणहून येतेय म्हटल्यावर तिने हात जोडले. "वादळ हुकला. काय ती देवाची कृपा! एक घर पडूक नाय."

"हो," मी म्हणाले. कृपा होतीच, किती माणसं वाचली. पण एक घर पडलं नाही म्हणून एका घरात माणूस रडतोय, हे तिला कसं सांगायचं ते घाट चढून गेलो तरी मला सुचलं नाही.