विहीणबाईंना भेटायला सातशे मैल

आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना सांगितलं होतं, "चार्ल्स्टनचा समुद्र बघायला चाललोय." अगदीच खोटं नव्हतं, समुद्र तिथे होताच. पण खरं कारण डॅरियस, आमच्या मुक्ताने स्वतःसाठी पसंत केलेला मुलगा. साउथ कॅरोलिनात चार्ल्स्टनजवळच्या एका बेटावर त्याचं घर. तो शाळेत संगीत शिकवतो, त्याची आई लॉरेन स्कूल बस चालवायची, आणि ही माणसं ब्लॅक आहेत. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी मी वर्षभर कोणाला कळू दिल्या नव्हत्या. मुक्ताला ते ठाऊक होतं. आमच्या वेस्ट विंडसरच्या पार्ट्यांमधले 'त्यांच्या वस्तीत गाडी लॉक करा'छाप विनोद ऐकतच ती मोठी झाली, आणि आम्ही त्यावर हसायचो हेही तिने पाहिलं होतं. तिने स्पष्ट सांगितलं, "आधी त्याच्या फॅमिलीला भेटा. तुम्ही कसे वागता ते बघते, मग वेडिंगला बोलवायचं की नाही ते डिसाइड करते." तारीखसुद्धा सांगितली नाही. आईबापांचीच परीक्षा! बसलो तिघं गाडीत.

जुलैतला शुक्रवार. सकाळी नऊला निघालं की वॉशिंग्टनची गर्दी टळते, असं माझं गणित होतं. वॉशिंग्टनने ते मानलं नाही आणि दीड तास खाल्ला. तुम्ही पहाटे तीनला निघा. मेथीचे पराठे सोबत ठेवा. माझा नवरा अरविंद रिटायर्ड हार्ट स्पेशालिस्ट आहे, पण ट्रॅफिकमध्ये स्वतःचंच बीपी वाढवून घेतो. संध्याकाळी नॉर्थ कॅरोलिनात हायवेलगतच्या हॉटेलात उतरलो. एकशेवीस डॉलर, नाश्त्यासकट, वॉफल आपलं आपण भाजून घ्यायचं.

तिथे मुक्ताने माझी बॅग उघडली. लॉरेनसाठी नेलेली साडी तिला नीट पॅक करायची होती. घडीतून चिठ्ठी पडली, 'सौ. नंदास, सप्रेम भेट.' नंदा म्हणजे मीच.

आता मराठी घरात वेगळं सांगायला नको. प्रत्येक कपाटात देण्याघेण्याचा एक कप्पा असतो. आपल्याला आलेल्या आणि न आवडलेल्या साड्या तिथे जातात आणि मग पुढच्या घरी रवाना होतात. मी लॉरेनची साडी त्याच कप्प्यातून उचलली होती आणि चिठ्ठी काढायला विसरले होते.

"दादाच्या लग्नात एमिलीच्या मॉमला तू येवल्याहून पैठणी मागवली होतीस," मुक्ता म्हणाली. एमिली आमची सून, व्हरमाँटची, गोरी.

"अगं, या कुठे साडी नेसणार आहेत?"

"एमिलीची मॉम नेसते?"

मी चिठ्ठी उचलून पर्समध्ये टाकली. अरविंदला बाथरूममध्ये अचानक बरंच काम निघालं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सकाळी भाजलेलं वॉफल मी तसंच टाकून उठले.

शनिवारी साउथ कॅरोलिनात शिरलो आणि रस्त्याकडेला पाटी दिसली: उकडलेल्या शेंगा! गरम, खारट, अगदी आपल्यासारख्या. पिशवी सात डॉलरला. अरविंदने दोन घेतल्या आणि बेट येईपर्यंत गाडीभर टरफलं केली. पुढे मोठमोठ्या ओकच्या झाडांखालून रस्ता जातो. तिथे एसी बंद करून काचा खाली करा, खाऱ्या पाण्याचा वास येतो.

लॉरेनच्या अंगणात साठएक माणसं होती, सगळे पिवळ्या टी-शर्टमध्ये. त्यांचं दरवर्षीचं कुटुंबसंमेलन. आमच्या मापाचे दोन टी-शर्टही तयार होते. पाठीवर घरातल्या सगळ्यांची नावं छापलेली, शेवटी नंदा आणि अरविंद. मी तो हातात धरून उभी राहिले आणि डोळे भरून आले.

स्वयंपाकघरात लॉरेन एकटी सापडली तेव्हा मी तिला माझी नारायणपेठ दिली, संध्याकाळी मीच नेसणार होते ती. आणि राहवलं नाही म्हणून कप्प्याचं सगळं सांगून टाकलं. ती मोठ्याने हसली. "माझ्याकडे आहे ना तसा ड्रॉवर! सगळा साबण आणि मेणबत्त्या." मग हसू तसंच ठेवून तिने विचारलं, "माझ्यासाठी त्या कप्प्यात हात घालायचा, हे कधी ठरवलंस? मी बस चालवायचे हे ऐकून, की माझा फोटो बघून?"

"फोटो बघून," मी म्हणाले.

'काही हरकत नाही' असं ती म्हणाली नाही. मग तिने भेंड्यांचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. "मोठ्या फोडी कर. इथे कोणाला घाई नाही."

उरलेला दिवस काय वर्णावा! कोळंबी, टोमॅटोतला लाल भात, माझ्या हातची भेंडी. अरविंद डॅरियसच्या मामांबरोबर पत्त्यांना बसला. आपले किती हात होतील ते आधी बोलायचं, इस्पिक कायम हुकूम. "अरे, हे तर आपलं जजमेंट!" असं ओरडून त्याने सलग तीन डाव मारले. मामांनी त्याला 'डॉक' म्हणत मिठी मारली. उन्हं उतरल्यावर सगळे रांगा करून नाचले. चार पावलं उजवीकडे, चार डावीकडे, मग वळायचं. मी दर वेळी चुकीच्या बाजूला वळायचे, आणि लॉरेन माझा खांदा धरून मला सरळ करायची. इतकी मोकळी मी आमच्या मंडळाच्या गणपतीतही नाचले नव्हते.

रविवारी परतीला लागलो, सोमवारी दुपारी घरी. मुक्ता सामान आत आणत होती तेवढ्यात मंडळातल्या मीनाताईंचा फोन.

"कसा होता समुद्र?"

"समुद्र छान. पण आम्ही खरं तर व्याह्यांकडे गेलो होतो." आणि सगळं सांगितलं. शाळा, बस, ब्लॅक.

मग आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात त्या म्हणाल्या, "अगंबाई! मग आता काय करणार गं?"

"काय करणार म्हणजे? लग्न करणार. नोव्हेंबरमध्ये. तुम्ही दोघं यायचं."

बोलून गेले खरी, पण आम्हालाच अजून आमंत्रण नव्हतं, आणि नोव्हेंबर तर मी मनानेच ठोकून दिला होता. मागे बॅग ठेवल्याचा आवाज आला. मुक्ता दारात उभी होती.

"ऑक्टोबर, आई," ती म्हणाली. "त्यांना ऑक्टोबर सांग."