रेडिएटरमधली हळद

गेल्या मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी सव्वाबाराला, अनसिंगजवळच्या फाट्यावर माझ्या वडिलांचा उजवा हात उकळत्या पाण्यानं सोलून काढला गेला. पोलीस ठाण्यात लिहिलंय, अपघात. मी तिथं होते. तुमच्यातलेही काहीजण होते, समोरच्या टपरीवर चहा पीत.

बाबा त्या फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करतात. त्या दुपारी शेजारच्या गावचा साठ एकरवाला आपली जुनी कार घेऊन आला. बोनेटखालून वाफ निघत होती, आणि त्याला वाशीमला लग्नाला जायचं होतं.

"दादासाहेब, गाडी थंडी होऊ द्या," बाबा म्हणाले. "आत्ता झाकन उघडलं तं सारं अंगावर येते."

"तू मले शिकवून राह्यला काय? परवा तूच हात लावला होता. पाईप तूच फोडला!"

"म्या फक्त पट्टा बदलला. पाईपाले कायले हात लावू?"

कानाखाली आवाज निघाला. बाबांची टोपी उडून ग्रीसच्या डब्यात पडली. "तुमी लोकं असेच," म्हणत त्यानं बाबांचं मनगट पकडलं, रेडिएटरच्या झाकणावर दाबलं आणि पिळलं.

झाकण निघालं, उकळतं पाणी फुटलं. बोटांपासून कोपरापर्यंत, मग गळ्यावर. बाबा ओरडले नाहीत, भुंकल्यासारखा एक आवाज काढून खाली बसले. त्यांचा पांढरा शर्ट पिवळाधमक झाला होता. तो रंग तेव्हा माझ्या डोक्यात शिरलाच नाही. साठ एकरवाला दुसऱ्याच्या गाडीवर बसून लग्नाला गेला. संध्याकाळपर्यंत फाटाभर झालं होतं: मिस्त्रीनंच पाईप फोडला, वरून स्वतःच भाजून घेतलं.

त्याची कार आमच्याच शेडमध्ये उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, मी गळती शोधायला घेतली. मी गावात घेतलेल्या सभेची उरलेली पत्रकं उलटी करून गाडीखाली अंथरली. रेडिएटर भरला, इंजिन चालू केलं. बाबा हाताला पट्टी बांधून स्टुलावर बसले होते.

टप. कोऱ्या कागदावर पिवळा ठिपका.

मी वाकून पाहिलं. थेंब लोंबत होता तो नेमका त्याच पाईपच्या तोंडाशी. म्हणजे तो खरं बोलत होता?

"बाबा, पाईपच गळते."

"पुसून घे, बाई. कोरडं कर अन् मंग पाह्य. खाली नोको पाहू, वरून पाह्य."

इंजिन बंद केलं, पाईप फडक्यानं कोरडा केला, पुन्हा चालू केलं. आता दिसलं. पाणी वर, वॉटर पंपाच्या बारीक भोकातून येत होतं आणि पाईपवरून घरंगळत होतं. भोकाभोवती बोअरच्या पाण्याचा पांढरा, दगडासारखा थर. त्यावर पिवळा थर. वास घेतला.

हळद.

गळती बुजते म्हणून आपल्याकडे रेडिएटरमध्ये हळद ओततात. बाबा कधीच ओतत नाहीत, आतल्या नळ्या तुंबतात आणि गाडी उकळते म्हणून. त्या माणसाला गळती आधीपासून माहीत होती.

अकराला तो ट्रॅक्टर आणि दोर घेऊन आला. मी टपरीवरच्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हळद कोनं टाकली?"

"कोन नाई टाकत हळद? महिनाभर चालली ना गाडी मस्त!" तो हसला. टपरीवरही कुणी हसलं.

मी चाकाचा पाना उचलला. खोटं कशाला सांगू, त्याचं डोकं फोडायचंच होतं. हात वर गेला आणि बाबांनी तो धरला, त्याच भाजलेल्या हातानं. पट्टी सरकली. त्यांची ओली कातडी माझ्या मनगटाला चिकटून आली. पाना माझ्या हातून पडला.

"ठेव. तेच पायजे त्याले," बाबा म्हणाले.

त्यानं कार ओढून नेली. पंप तिच्यासोबत गेला. माझ्याकडे पिवळ्या ठिपक्यांचे कागद आहेत, आणि ठाण्यात म्हणतात, कागदावर कुणी मारताना दिसत नाही. साक्षीदार आणा. बाबांना अजून मूठ वळत नाही, पाना धरता येत नाही.

टपरीवरच्यांना मी विचारलं. सगळे म्हणाले, आमचं लक्ष चहात होतं.

तुमचं लक्ष चहात नव्हतं. थप्पड बसली तेव्हा तुमचे कप हवेतच थांबले होते, मी पाहिलंय. सोमवारी सकाळी दहाला मी ठाण्याच्या पायरीवर उभी असेन. या, आणि स्वतःच्या तोंडानं सांगा, झाकणावर वरचा हात कुणाचा होता.