कागदावर धाकटा

केरबाला खुर्चीत बसलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस शिरोलीच्या एमआयडीसीत शोधून सापडला नसता. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, फोन तर चालत चालत. फाउंड्रीतून आलेली कास्टिंगं, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, ग्राइंडरवर घासून साफ करून द्यायची, हा त्याचा धंदा. हाताखाली वीस-पंचवीस माणसं. तरुणपणी दुसऱ्याच्या ग्राइंडरवर राबून त्यानं हे उभं केलं होतं. मालक झाला तरी पायाची भिंगरी काही सुटली नव्हती.

गेल्या नोव्हेंबरात कामगारांचे नवे कायदे लागू झाले आणि भिंगरीला आणखी जोर आला. त्याचं पीएफचं काम बघणारा राजवर्धन एके दिवशी सगळं समजावायला आला. प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र द्यायचं. मूळ पगार एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी दाखवायचा नाही. काम सोडून जाणाऱ्याचा हिशेब दोन दिवसांत चुकता करायचा. केरबा ऐकत होता, म्हणजे येरझाऱ्या घालत होता. मग राजवर्धन म्हणाला, चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करावी लागणार. तेव्हा मात्र केरबा थांबला. मागच्या शेडमधून खोकल्याचा आवाज येत होता.

खोकणारा होता आकाराम, केरबाचा चुलतभाऊ, त्याच्याहून दोन वर्षांनी थोरला. कोडोलीत दोघं एका ताटात जेवून वाढले. घरी केरबा त्याला दादा म्हणे. कारखान्यात मात्र दादाच केरबाला मालक म्हणे, आणि ते ऐकताना केरबाला दर वेळी कुठंतरी खुपे. कारखाना सुरू झाल्यापासून दादा ग्राइंडरवर होता. दोन वर्षांपासून त्याला खोकला होता. मास्क आणून दिला तर तो खिळ्याला अडकवून ठेवायचा, आणि केरबाही एकदा ओरडून पुढं निघून जायचा. पुढं काहीतरी काम असायचंच.

राजवर्धननं चाळिशीवरच्यांची नावं काढली, त्यात आकाराम नव्हता. कागदावर तो एकोणचाळीसचा होता.

ही करामत त्याच्या बापाची, गुंडूआबांची. पोरगा फौजेत जावा म्हणून त्यांनी त्याची शाळा बदलली आणि नव्या शाळेत पाच वर्षं कमी करून एक जून ही तारीख लावून टाकली. गावातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनलाच, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. थोरला भाऊ कागदावर धाकटा झाला. भरतीच्या मैदानात दादा सगळ्यांच्या पुढं पळाला, पण डॉक्टरनं छातीला टेप लावली आणि छाती हवी तेवढी फुगत नाही म्हणून त्याला घरी पाठवलं. त्यानंतर दादानं कुठल्याही डॉक्टरला छातीला हात लावू दिला नव्हता.

राजवर्धनचं म्हणणं सरळ होतं. येत्या एक जूनला ते चाळीस होतील, मग पुढच्या वर्षी बघू. कायद्यानं आपण मोकळे आहोत. केरबानं मान डोलावली आणि आठवडाभर त्याचं कशातच लक्ष लागेना. ट्रक भरताना तो मध्येच निघून जायचा, घरी दार उघडून परत लावायचा. बायको अंजना शेवटी वैतागली. दादाभावजी अंगणात आले की त्यांचा खोकला मला स्वयंपाकघरातून कळतो, तुम्हाला कळायला सरकार लागलं होय, असं ती म्हणाली. केरबा चिडला, कारण ते खरं होतं.

तपासणीच्या दिवशी कारखान्याच्या आवारात डॉक्टरांची गाडी आली. माणसं रांगेत उभी राहिली. मागच्या शेडमध्ये एकच ग्राइंडर चालू होता. केरबा तिथं गेला आणि त्यानं सरळ मेन स्विच पाडला.

"दादा, चल."

"माझं नाव न्हाय त्यात. मी तुझ्यापरीस ल्हान हाय."

"आईनं तुझी झबली मला घातली, आन् तू ल्हान?"

आकाराम हसला नाही. धुळीनं करड्या झालेल्या भुवया त्यानं बाहीनं पुसल्या. मग हळूच म्हणाला, "एकदा टेप लावली आन् जिंदगी गेली केरबा. आता हे काम बी जायाचं."

केरबानं त्याचा हात धरला. लहानपणी दादा त्याला ओढ्यापलीकडं न्यायचा, तसंच त्यानं दादाला रांगेत आणून उभं केलं. वयाच्या रकान्यात काय लिहू, असं नर्सनं विचारलं. केरबानं चव्वेचाळीस सांगितलं आणि राजवर्धननं कपाळाला हात लावला.

डॉक्टरनं नळी छातीला लावून श्वास भरून घ्यायला सांगितलं. आकाराम ताठ झाला, खांदे मागं, हनुवटी वर, मैदानात उभा असल्यासारखा. त्यानं जीव खाऊन छाती फुगवली आणि तिथंच खोकल्याची उबळ आली. डॉक्टरनं पाठीवरही नळी फिरवली. उद्याच एक्स-रे काढा, आणि आजपासून यांना धुळीत उभं करू नका, असं त्यांनी बजावलं.

शर्टाची बटणं लावत आकाराम गाडीतून बाहेर आला. "पास का नापास?"

"ही भरती न्हाय दादा. हितं नापास झालेल्याला घरला धाडत न्हाईत. उद्यापास्नं गेटावर मालाची आवक-जावक तू बघायची. पगार हाय तेवढाच. तुझ्या नेमणुकीच्या पत्रात तसंच लिवायला सांगतो."

आकाराम शेडच्या पायरीवर टेकला. तो हातावरची लोखंडाची धूळ चोळू लागला. रागवायचं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि आताही आवाजात राग नव्हता.

"एवढं सोपं हुतं व्हय," तो म्हणाला. "मग दोन वर्सं का घालवलीस?"

केरबाचे पाय उठू बघत होते. ट्रक यायचा होता, फोन वाजत होता. पोऱ्या चहा घेऊन आला तेव्हा तो दादाच्या शेजारी पायरीवर बसला. फोन वाजून वाजून थांबला. चहा हातातच गार झाला, तरी केरबा उठला नाही.