पाणी येऊन राहिलं

विहारात त्रिशरण म्हणताना माझं लक्ष कधी लागत नसे. माझा भरवसा तयारीवर. भंडाऱ्यात नदीकाठच्या आमच्या वस्तीत पूरपथकाचं प्रशिक्षण झालं, मला शिट्टी मिळाली आणि मी अंथरुणाला खिळलेल्यांची यादी केली. प्रत्येक नावापुढे उचलणारी दोन माणसं. फक्त खाटेवरच असलेल्या माझ्या सासूबाईंचं नाव लिहिलं नाही. त्या घरच्याच, त्यांना मी आहेच की! स्वतःला केवढी शहाणी समजत होते, आठवलं की लाज वाटते.

त्या सकाळी आभाळ कोरडं होतं, पण वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला. मी शिट्टी फुंकत गल्लीगल्लीतून ओरडत सुटले, "पाणी येऊन राहिलं! निंगा लवकर!" बाया निघाल्या, पण पाण्याचे गुंड-घागरी घेऊन, थेट नळावर. आमच्याकडे पाणी येतं ते नळालाच. रांग लागली, नंबरावरून भांडणंही जुंपली. "अवं, पूर येऊन राहिला, पूर!" असं एकेकीला समजावून यादीतली माणसं हलवेपर्यंत आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी चढलं होतं.

घरात शिरले तर खाट पाण्याखाली आणि रिकामी. मीच मारलं त्यांना, एवढंच मनात आलं. दाराची चौकट धरून, काहीही न मागता, मी त्रिशरण म्हटलं.

विहाराच्या माडीवर सासूबाई भेटल्या, थरथरत, पण जिवंत. कोणी अनोळखी बाई नळ शोधत आमच्या दारात आली होती. "मले पुसते, पाणी कोणत्या नळाले येऊन राहिलं? मंग खाली पाणी पायलं, अन् मले पाठीवरच घेतलं," सासूबाई म्हणाल्या. पुढे मी खूप शोधलं, ती बाई सापडली नाही. आमच्यात चमत्कार मानत नाहीत, मीही मानत नाही. पण माझ्या चुकीच्या हाकेनेच तिला आमच्या दारी आणलं, याला काय म्हणावं ते मला कळत नाही.

त्या गारठ्याने सासूबाईंची छाती धरली ती सुटली नाही. महिन्याभरात त्या गेल्या, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. जाण्याआधी एकदाच त्यांनी विचारलं, "त्या दिवशी यादीत माहं नाव कोणापाशी होतं वं?"

"कोणापाशीच नाही, आई."

त्यांनी माझा हात थोपटला. "मंग बरं झालं, थे बाई आली."

त्या बाईचे उपकार मी कुठे फेडू? यादी मी अजून करते, सगळ्यांची. पण माझ्या भरवशावर सासूबाई बुडाल्याच होत्या, हे ज्या दिवशी कबूल केलं, त्या दिवसापासून त्रिशरण म्हणताना माझं लक्ष ढळत नाही.